विरंगुळा केंद्र चांगलं चाललंय, हे कशावरून ओळखायचं? (नाशिक)

गोदाकाठची

आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, नऊ वर्षं रोज ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रात जायचे. सातपूरच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले तेव्हापासून. सिडकोतलं आमचं घर लहान. मुलं अभ्यासाला बसली की नाना काठी घ्यायचे आणि "चाललो गं" म्हणून निघायचे. पावणेपाच ते सात. पाऊस असला तर छत्री, पण जाणं चुकायचं नाही.

गेल्या वर्षी जूनअखेरीला केंद्राच्या मागच्या दाराने नळाकडे उतरताना ते घसरले. तीन पायऱ्या, कठडा नाही, वर शेवाळ. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग वॉकर, मग चार पायांची काठी.

घसरण्याचा दोष मी कोणाच्या माथी मारत नाही. माणूस घरच्या मोरीतही घसरतो. मला बोचलं ते पुढचं. त्या दिवशी ज्या चौघांनी त्यांना रिक्षात घातलं, ते सोडले तर पुढचे अकरा आठवडे केंद्रातून ना कोणी आलं, ना कोणाचा फोन. नाना रोज विचारायचे, "कोणी येऊन गेलं का गं?" सप्टेंबरात मी त्यांची वर्गणी भरायला गेले. पावती फाडता फाडता समोरच्या काकांनी विचारलं, "नाना कुठे गावी गेलेत का? हल्ली दिसत नाहीत."

ते काका वाईट नाहीत. खरंच काळजीने विचारत होते. पण त्यांच्यासमोर वही होती, तिच्यात सहलीचा जमाखर्च होता, वाढदिवसांची यादी होती, रोजच्या सह्याही होत्या. नानांच्या नावापुढे अकरा आठवडे कोरी जागा होती आणि ती कोणी पाहिली नव्हती.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी शहरातली केंद्रं पाहत फिरतेय. सिडको, सातपूर, इंदिरानगर, पंचवटी, नाशिक रोड अशी नऊ झाली. कोनशिला सगळीकडे आहे. टीव्ही, कॅरम, प्लास्टिकच्या खुर्च्याही बहुतेक ठिकाणी. दोन ठिकाणी भर दुपारी कुलूप. आणि कोणालाही विचारलं की "आमचं केंद्र एकदम छान चाललंय."

छान म्हणजे नेमकं काय? २००७ चा जो आईवडील आणि ज्येष्ठांच्या चरितार्थाचा कायदा आहे, त्याचं कलम १९ वृद्धाश्रमांबद्दल आहे. निराधार ज्येष्ठांसाठी जिल्ह्यात निदान एक, किमान १५० जणांची सोय असलेला, आणि तिथल्या सेवांचा दर्जा काय असावा हे राज्याने ठरवावं, असं त्यात म्हटलंय. पण जो म्हातारा माणूस घरी राहतो आणि दिवसाचे दोन-तीन तास केंद्रात काढतो, त्या केंद्राबद्दल त्यात एक ओळ नाही. मग आपणच ठरवायला काय हरकत आहे? तुम्ही केंद्रात जात असाल, तुमचे आईवडील जात असतील, किंवा जायचे बंद झाले असतील, तर काय पाहायला हवं ते लिहा. विशेषतः बंद झालेल्यांबद्दल लिहा.

मेरीतला निवृत्त

नानांची तब्येत आता बरी असेल अशी आशा आहे.

मी स्थापत्यातला (मेरी म्हणजे इथली महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था), म्हणून मोजमापाचं सांगतो. आमच्या भागातल्या केंद्रात दाराशी तीन पायऱ्या आहेत आणि बाजूला "दिव्यांगांसाठी" म्हणून उतार केलेला आहे. टेप लावली. पंचेचाळीस सेंटीमीटर उंची आणि उताराची लांबी जेमतेम दोन मीटर. नियमाने एकास बारा लागतो, म्हणजे इथे ५.४ मीटर, मध्ये कुठे खड्डा नको, दोन्ही बाजूंना धरायला नळी हवी. सध्या तिथे मोटारसायकल चढते. चाकाची खुर्ची ढकलणारा चढवताना दमतो आणि उतरवताना खुर्चीच त्याला ओढत नेते.

संडासाचं दार हे दुसरं. दार आत उघडत असेल आणि माणूस आत पडला तर त्याच्या अंगानेच दार अडतं, बाहेरच्याला ढकलता येत नाही. दार बाहेर उघडणारं हवं, किंवा सरकतं. कडी अशी हवी की वेळ आली तर बाहेरून नाण्यानेही फिरवता येईल. कमोडच्या बाजूला भिंतीत नीट रोवलेली दांडी हवी. टॉवेल लटकवायची दांडी लावून "बसवली" म्हणणारे पाहिलेत; माणसाचा भार पडला की ती भिंतीतून निघते, आणि धरायला काही नसतं तेव्हा माणूस जितका जपून बसतो तितका मग जपत नाही.

तिसरं उजेड. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळं पडतं. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या मानाने साधारण तिसरा हिस्साच प्रकाश पोहोचतो. आपण मात्र चाळीस फुटी हॉलला दोन ट्यूब लावतो, त्यातली एक फडफडत असते. पायरीच्या कडेला पिवळा पट्टा रंगवायला एक डबा रंग आणि अर्धा तास लागतो. तुमच्या मागच्या पायऱ्यांना तो तरी आता आहे का?

गोदाकाठची

पट्टा नाही. शेवाळ मात्र खरवडलं, हे मी स्वतः पाहिलं. कठड्यासाठी अर्ज दिलाय, पोच माझ्याकडे आहे. नाना घरात काठीवर चालतात आता. विचारलंत, बरं वाटलं.

अशोकनगर सातपूर

तुम्ही पायऱ्यांवर बोलताय, आमच्याकडे आधी चावीवर बोलायला पाहिजे.

सातपूर-अंबडच्या घरांमध्ये पाळ्या चालतात. मुलगा रात्रपाळी करून सकाळी आठला येतो, जेवून झोपतो. खोली एक नाहीतर दोन. म्हाताऱ्याने खोकायचं नाही, रेडिओ लावायचा नाही. म्हणून म्हातारा सकाळी दहालाच बाहेर पडतो आणि कुठे बसतो? चहाच्या टपरीवर, देवळात, बस स्टॉपच्या बाकावर. एप्रिल-मेमध्येसुद्धा. विरंगुळा केंद्र पाचला उघडतं. जेव्हा छपराची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा कुलूप. का, तर चावी एकाच काकांकडे आहे आणि त्यांचं दुपारी झोपायचं ठरलेलं आहे. ते लेकीकडे पुण्याला गेले की पाचलाही उघडत नाही.

माझे वडील चार वर्षं बाकावर बसले. माझ्यामुळे, कारण झोपणारा मी होतो. म्हणून सांगतो, केंद्राचा दर्जा तपासायचा तर पहिला प्रश्न हा विचारा की उन्हाळ्यात दुपारी एक वाजता दार उघडं आहे का आणि आत पंखा चालतो का. दुसरा, चाव्या किती आहेत.

इंदिरानगरची माई

सातपूरच्या भाऊंनी वेळेचं लिहिलंय ते वाचून मला लिहावंसं वाटलं, कारण आमचंही दुखणं वेळेचंच होतं.

बायका केंद्रात का येत नाहीत असं विचारलं की "त्यांना घरचं असतं" हे उत्तर ठरलेलं. आम्ही तेरा-चौदा जणी रोज देवळाच्या ओट्यावर बसायचो. केंद्रापासून शंभर पावलांवर. म्हणजे घरातून बाहेर पडायला वेळ होता. आत जात नव्हतो एवढंच. कारणं सांगते. एक, पाच ते सात ही वेळ. त्याच वेळी नातवंडं शिकवणीहून येतात, कुकर लावायचा असतो. बायकांना मोकळीक दोन ते चारमध्ये. दोन, हॉलमध्ये रमीची तीन टेबलं, त्यांच्यामधून वाट काढत जायचं आणि कुठेतरी कडेला बसायचं, जसं काही आपण कोणाची वाट पाहतोय. तीन, स्वच्छतागृह एकच, त्याची कडी मोडलेली, आणि एकीने दाराशी उभं राहायचं तेव्हा दुसरीने जायचं. ज्या बाईला तासाभरात एकदा जावंच लागतं, आणि या वयात लागतं, ती अशा ठिकाणी येणार नाही. कारणही सांगणार नाही, लाजेल. तुमच्या वहीत मग लिहिलं जाईल, "महिलांचा प्रतिसाद अल्प."

आम्ही कार्यकारिणीला पत्र दिलं. मंगळवार आणि शुक्रवार, दोन ते चार, चावी आमच्याकडे, कडी दुरुस्त. वर्षभर झालं. पहिलं काम काय केलं असेल तर खुर्च्या हलवल्या. सगळ्या टीव्हीकडे तोंड करून रांगेत होत्या, त्या गोल मांडल्या. भजन तर आहेच, पण एकीने बँकेचं पासबुक वाचायला शिकवलं, एकीने मोबाइलवर आलेली लिंक का दाबायची नाही ते सांगितलं. एका मैत्रिणीचे मिस्टर गेले तेव्हा पंधराव्या दिवशी आम्ही तिला घरून घेऊन आलो. ती दोन तास एक शब्द बोलली नाही. पुढच्या शुक्रवारी आपली आपण आली.

पंचवटीचा सचिव

सगळे प्रतिसाद वाचले. मी केंद्र चालवणाऱ्या एका ज्येष्ठ नागरिक संघाचा सचिव आहे, वय ७४. कोणाचा राग धरून लिहीत नाही, पण दुसरी बाजूही इथे यायला हवी.

सकाळी केंद्र मी झाडतो. नळ गळाला तर वॉशर मी आणतो. वर्गणी वर्षाला दोनशे रुपये, ती वाढवायचं म्हटलं की सभेत आरडाओरडा. संस्था नोंदणीकृत, म्हणून दरवर्षी तपासलेले हिशेब धर्मादाय कार्यालयात द्यायचे. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत तिथेच चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवणारा अर्ज. इमारत पालिकेची, म्हणून खिळा ठोकायचा तरी विचारायचं. आणि विचारलं की उत्तर यायला ऋतू बदलतो. आता तुम्ही म्हणाल मानकं करा. मला मानकं म्हटलं की आणखी एक रजिस्टर दिसतं, आणि ते भरायला पुन्हा मीच.

ताई, तुमच्या नानांचं वाचून मला रात्री झोप लागली नाही, हेही सांगतो. आमच्याकडे असं होत नसेल असं छातीवर हात ठेवून म्हणता येईना. पूर्वी कोणी आजारी पडलं की आम्ही चौघे-पाच जण जायचो, शहाळं घेऊन. त्या पाचांपैकी दोघे गेले, एकाला दिसत नाही, एकाचे गुडघे. जाणारेच आजारी झाले. नवीन साठीतले लोक पदाला हात लावत नाहीत, त्यांना फक्त सहलीची यादी लागली की नाव द्यायचं असतं.

फिजिओ_नाशिक

सचिवकाका, तुम्ही झाडता ते झाडणं हाही दर्जाच आहे. ओली फरशी आणि वाटेत पडलेली वायर यांनी जितकी माणसं माझ्याकडे आलीत तितकी दुसऱ्या कशाने नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं दगावतात, आणि त्यांत साठीच्या पुढची सर्वांत जास्त. पडणं हा नशिबाचा भाग समजू नका, ते आधी ओळखता येतं. त्यासाठी ना यंत्र लागतं ना रजिस्टर. हात असलेली एक खुर्ची, तीन मीटरवर खडूची रेघ आणि मोबाइलमधलं घड्याळ. माणसाने खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं. शेजारी धरायला एक माणूस उभा हवा, हे विसरू नका. सहा महिन्यांतून एकदा करा. गेल्या वेळी नऊ लागले होते आणि आता तेरा लागतायत, हे कळणं रक्तदाबाच्या शिबिराइतकंच मोलाचं आहे.

शिबिरांबद्दलही एक. रांगेत उभं करून, जिना चढून आलेल्याचा लगेच रक्तदाब घेतात. आकडा वाढलेला येतो, माणूस घाबरतो, नाहीतर "त्या शिबिरात नेहमी जास्तच येतं" म्हणून सोडून देतो. दोन्ही वाईट. पाच मिनिटं टेकून बसू द्या, पाय जमिनीला, हात हृदयाच्या पातळीवर, आणि मोजताना गप्पा नकोत.

खुर्च्यांचं हात जोडून सांगते: बिनहाताच्या हलक्या प्लास्टिकच्या खुर्च्या काढा. उठताना माणूस मागे रेटतो आणि खुर्ची सरकते. साधारण अठरा इंच उंचीच्या, हाताच्या, जड खुर्च्या घ्या. कमी घ्या पण त्या घ्या. आणि हास्यक्लबच्या काकांना विनंती, डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो तेव्हा पहाटे सहाला हृदयाच्या रुग्णांना मैदानात बोलावू नका. ऊन आल्यावर भेटा.

जेलरोडचा मास्तर

तीस वर्षं वर्गात बोललो, आता केंद्रात मला कोणाचं बोलणं कळत नाही. फरशी, सिमेंटच्या भिंती, वर पत्रा. आवाज घुमतो. वय झालं की बारीक, वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात, म्हणून बोलणं ऐकू येतं पण शब्द उलगडत नाहीत. त्यावर उपाय म्हणून स्पीकर मोठा करतात, मग घुमणंही मोठं होतं. मी वर्षभर मान हलवत बसलो. मग जाणं सोडलं. कोणाला वाटलं असेल, मास्तरांना शिष्टपणा आला.

आमच्यात एक गृहस्थ होते, पत्त्यांत वाघ. हळूहळू पानं विसरायला लागले. उतारी कोणाची हे तीनतीनदा विचारायचे. टेबलावरचे हसले, मग चिडले, मग एक दिवस म्हणाले, "तुम्ही आता नुसतं बघा." ते दोन दिवस बघत बसले आणि तिसऱ्या दिवसापासून आले नाहीत. तो विसराळूपणा हा आजार होता हे आम्हाला त्यांच्या सुनेकडून कळलं, तेही बऱ्याच उशिरा. त्या टेबलावर मीही होतो.

जाड पडदे आणि सतरंज्या टाकल्या तर घुमणं कमी होईल का, मेरीतल्या साहेबांनी सांगावं.

मेरीतला निवृत्त

होईल. पडदे, सतरंजी, भिंतीला कापडी फलक, काहीही मऊ. पत्र्याखाली छत केलंत तर ऊन आणि पावसाचा आवाज दोन्ही कमी. आणि मास्तर, बोलणाऱ्याचं तोंड दिसेल असं बसा. माईंच्या गोल मांडलेल्या खुर्च्यांनी तुमचंही अर्धं काम होईल.

लेकीकडे_राहून_आलेले

मी आणि सौ. न्यू जर्सीला लेकीकडे वर्षभर होतो. तिथल्या सीनियर सेंटरला जायचो, म्हणून सांगतो. त्या देशात अशा केंद्रांची सुरुवात १९४३ सालची, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या विल्यम हॉडसन केंद्रापासून धरतात. पुढे १९६५ च्या ज्येष्ठांसाठीच्या कायद्यामुळे सरकारी पैसा आला. नॅशनल कौन्सिल ऑन एजिंग या संस्थेकडून केंद्रांना मान्यता देण्याची पद्धत आहे. मी कागद पाहिले तेव्हा नऊ मानकं होती: उद्देश आणि नियोजन, वस्तीशी नातं, कारभार, माणसं, उपक्रम, मूल्यमापन, पैसा, नोंदी आणि इमारत.

मला आवडली ती त्यामागची रीत. आधी केंद्र स्वतःच स्वतःला तपासतं. त्यात सभासद असतात, गावातली इतर माणसं असतात. मग दुसऱ्या केंद्राचा जाणकार येऊन पाहतो. म्हणजे तपासणारा आपल्यातलाच.

पंचवटीचा सचिव

तिथे पगारी माणसं असतात हो. इथे खजिनदाराला पावतीपुस्तकाची कार्बन दिसत नाही.

लेकीकडे_राहून_आलेले

बरोबर आहे. तिथे पगारी संचालक होती, गाडी पाठवून माणसं आणायचे, जेवण मिळायचं. ते इथे लगेच येणार नाही. पण एका केंद्राने दुसऱ्याकडे जाऊन पाहायला पगार कुठे लागतो? पालिकेचे सहा विभाग आहेत. सिडकोवाल्यांनी पंचवटी पाहावी, पंचवटीवाल्यांनी नाशिक रोड, नाशिक रोडवाल्यांनी सातपूर. आपल्या घरचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्याला येतो. चहा यजमानांचा, बसचं तिकीट आपलं.

गोदाकाठची

सचिवकाका, आधी तुम्हाला. तुमच्यासारखे दोन-चार जण आहेत म्हणून ही दारं उघडतात. मला तुमच्या हातात आणखी एक रजिस्टर द्यायचं नाही. उलट माझ्या मनात एकच वही आहे, तीही आहे तीच. सह्यांची. आठवड्यातून एकदा कोणीतरी ती उलटी वाचायची: कोण आलं नाही? सात दिवस नाही तर फोन. पंधरा दिवस नाही तर शेजारी राहणाऱ्या सभासदाने घरी डोकावायचं. आणि जो येत नाही त्याला "या ना" म्हणण्याआधी "का येत नाही" हे विचारायचं.

इथले प्रतिसाद पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आलं, पायरी, उजेड, कडी, वेळ, आवाज, सगळ्याचं उत्तर न येणाऱ्यांकडे होतं. मास्तर गेले, माईंच्या मैत्रिणी आल्या नाहीत, सातपूरचे बाबा बाकावर बसले. केंद्रात बसलेल्यांना विचारलं तर "छान चाललंय" हेच येणार, कारण ज्यांना छान वाटत नाही ते उठून गेलेले असतात. तक्रारपेटी त्यांच्यासाठी दाराच्या आत लावलेली असते.

फोन करायचं काम म्हाताऱ्यांवरच का? मी करायला तयार आहे. सून आहे, मोबाइल आहे, रविवारी तासभर आहे. माझ्यासारखे आणखी असतील.

वकील_शरणपूर

केंद्रात एक फलक असावा, मोठ्या अक्षरात, काळ्यावर पांढरा नाहीतर उलट. त्यावर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ. २००७ च्या कायद्याखाली मुलं सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. सांभाळण्याच्या अटीवर घर बक्षीसपत्राने दिलं आणि सांभाळलं नाही तर कलम २३ प्रमाणे ते रद्द करून घेता येतं. पण ती अट लिहून घ्यावी, तोंडी ठेवू नये. सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार, २०२४ पासून. पंच्याहत्तरीनंतर एसटी मोफत, हे बहुतेकांना माहीत असतं.

आणि कार्यकारिणीला: पालिकेच्या इमारतीवर दुरुस्तीसाठी किती रक्कम मंजूर होती, हे माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येतं. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. भांडायला जाऊ नका, नुसतं विचारा. कठडे बऱ्याचदा तिथेच अडकलेले असतात.

एक विनंती. फलकाजवळ उभं राहून कोणी हेल्पलाइनचा नंबर लिहून घेत असेल तर "काय हो, घरी काय झालं?" असं चारचौघांत विचारू नका.

अशोकनगर सातपूर

आमच्याकडे तीन चाव्या करून घेतल्या. खर्च मी केला. एक किराणा दुकानात ठेवलीय, दुकान दुपारी उघडं असतं. काल दीड वाजता जाऊन पाहिलं, सहा जण आत होते. दोघे झोपले होते सतरंजीवर. कोणी कोणाला उठवत नव्हतं.

पंचवटीचा सचिव

धागा वर काढतोय. तीन आठवडे लिहिलं नाही, कारण ते काम करून बघायचं ठरवलं होतं.

सह्यांची वही घेऊन बसलो. चार महिन्यांत एकदाही न आलेले सतरा सभासद निघाले. मला आधी विचारलं असतं तर मी पाच-सहा म्हणालो असतो. नातीने फोन लावून दिले, मी बोललो.

दोघे गेले आहेत. एकांचं वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे आणि आमच्या यादीत ते आजीव सभासद आहेत, वाढदिवसाला आम्ही त्यांचं नाव फळ्यावर लिहिलं होतं. त्यांच्या मुलाने फोनवर ते शांतपणे सांगितलं. मी माफी मागितली. चौघे मुलांकडे पुण्या-मुंबईला. तिघांनी सांगितलं, रस्ता खोदलाय, मधली फळी ओलांडता येत नाही. दोघांना ऐकू येत नाही, फोनवर बायकोनेच सांगितलं. एकाला आम्हीच पत्त्यांवरून उठवलं होतं, मास्तरांनी लिहिलंय अगदी तसंच. त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन आलो. ओळखलं त्यांनी. नाव नाही आठवलं, पण हात सोडत नव्हते. एकजण म्हणाले, दोन वर्षांपूर्वी हिशेबावरून माझ्याशी वाद झाला होता म्हणून येत नाही. तो वाद मला आठवतही नव्हता. तिघांचे फोन लागले नाहीत.

राहिली एक बाई. मखमलाबाद रोडला राहतात. मिस्टरांच्या स्कूटरवर मागे बसून यायच्या, दोघेही भजनाला. ते गेले फेब्रुवारीत. त्यांना बसमध्ये चढता येत नाही, रिक्षा रोज परवडत नाही. म्हणाल्या, "यायचं खूप आहे हो, पण आणणारे गेले." मी "बघतो काहीतरी" म्हणालो आणि फोन ठेवला. माझी स्कूटर मुलाने विकायला लावली, दिसत नाही म्हणून.

बाकी, पुढच्या दारावरच्या पायरीला पिवळा पट्टा मारला. वाकडा आलाय थोडा.

गोदाकाठची

काका, मी सकाळपासून तीनदा वाचलं. न लागलेले तीन नंबर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पत्ते असतील तर तेही. रविवारी मी पंचवटीत येतेय, माझ्याबरोबर नानाही येणार म्हणतायत. त्यांना तुमचा पट्टा बघायचाय. सहा महिन्यांत पहिल्यांदा ते घराबाहेर कुठे जायचं म्हणाले.

मेरीतला निवृत्त

सचिवसाहेब, मी म्हसरूळला राहतो, गाडी आहे, संध्याकाळी रिकामीच उभी असते. मखमलाबाद रोड दहा मिनिटांवर. सोमवारी साडेचारला त्यांना घ्यायला जातो. आमच्या सौ. बरोबर असतील, म्हणजे त्यांना अवघडल्यासारखं होणार नाही. तुम्ही आधी फोन करून सांगून ठेवा, आणि भजन किती वाजता संपतं तेवढं कळवा.